डिश की केबल? आधी आकाश बघा, मग गल्ली, पॅकेज शेवटी

घरात डिश घ्यायची की केबल, हे बहुतेक जण पॅकेजचे दर समोर ठेवून ठरवतात. हा क्रम चुकीचा आहे. पॅकेज फोनवरून दोन मिनिटांत बदलता येतं. तुमच्या गॅलरीतून आकाशाचा कोणता तुकडा दिसतो आणि तक्रार केल्यावर तुमच्या गल्लीतला केबलवाला किती वेळात येतो, या दोन गोष्टी मात्र बदलणं तुमच्या हातात नाही. म्हणून पुण्यात नव्या घरात राहायला आलेल्यांनी आधी या दोन गोष्टी तपासाव्यात आणि पैशांचा हिशोब शेवटी करावा.

दोन्ही सेवा कशा चालतात हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिशमध्ये उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या, म्हणजे आखूड लांबीच्या, लहरी तुमच्या साधारण ६० सेंटिमीटरच्या छत्रीवर पडतात, पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीत, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या छोट्या डबीत, गोळा होतात आणि वायरने सेट-टॉप बॉक्समध्ये येतात. केबल कंपनीसुद्धा बहुतेक चॅनेल उपग्रहावरूनच घेते, पण तिच्या केंद्रात काही मीटर व्यासाच्या मोठ्या छत्र्या असतात आणि त्या मुख्यतः सी बँडवर, म्हणजे जास्त लांबीच्या लहरींवर, चालतात. तिथून सिग्नल फायबरने तुमच्या भागात येतो, गल्लीतल्या ॲम्प्लिफायरमधून जातो आणि काळ्या कोॲक्स वायरने घरात शिरतो. टीव्हीला थेट वायर लावून केबल बघण्याचे दिवस पुण्यात ३१ मार्च २०१३ ला संपले. आता दोन्हीकडे बॉक्स लागतोच, आणि एकाचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. जुन्या भाडेकरूने कपाटावर ठेवलेला बॉक्स आपल्याला उपयोगी पडेल, ही आशा सोडा.

पायरी १: आकाश तपासा

पुण्यातून बघितलं तर डिश कंपन्यांचे उपग्रह दक्षिण ते पूर्व या पट्ट्यात आहेत. पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडणाऱ्या गॅलरीत छत्री लावून उपयोग नाही, मग समोर कितीही मोकळं मैदान असो. कंपनीनुसार दिशा आणि उंची बदलते आणि निवडीत याच फरकाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. पुण्यासाठी काढलेले हे आकडे जवळ ठेवा. कंपनीच्या नावापुढे तिच्या उपग्रहाचा रेखांश आहे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजलेली आहे, उंची क्षितिजापासून.

टाटा प्ले, ८३ अंश पूर्व: दिशा सुमारे १५३ अंश, उंची ६६ अंश.
डीटूएच, ८८ अंश पूर्व: दिशा १४२, उंची ६३.
डीडी फ्री डिश, ९३.५ अंश पूर्व: दिशा १३२, उंची ५९.
डिश टीव्ही, ९५ अंश पूर्व: दिशा १२९, उंची ५७.
एअरटेल, १०८.२ अंश पूर्व: दिशा ११५, उंची ४५.

फोनमधलं होकायंत्र यासाठी पुरेसं आहे. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अर्ध्या अंशाच्या आसपास फरक आहे, तो विसरलात तरी चालेल. मात्र गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला फोन टेकवून दिशा घेऊ नका, काटा भरकटतो. दोन पावलं आत या आणि मग बघा.

आता उंचीचा अर्थ. समोर इमारत असेल तर ती आड येते का, हे साध्या गुणाकाराने कळतं. एअरटेलसाठी, ती इमारत तुमच्या छत्रीपेक्षा जेवढी उंच आहे, तेवढं तरी तिचं अंतर हवं: ३० मीटर उंच असेल तर ३० मीटर लांब. टाटा प्लेचा उपग्रह जवळजवळ डोक्यावर असल्याने तीच इमारत १४ मीटरवर असली तरी चालते. बाणेर, वाकड, खराडीसारख्या भागात, जिथे शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहतो आहे, तिथे गच्चीवरच्या किंवा बंगल्यावरच्या छत्रीसाठी उंच उपग्रह जास्त सुरक्षित. आज दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. अर्धवट बांधकामाचे शेवटी किती मजले होणार आहेत, ते फलकावर वाचून घ्या.

गॅलरीत मात्र गणित उलटं होतं, आणि इथेच नवखी माणसं फसतात. गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो. उपग्रह जितका उंच, तितका तो स्लॅब आड येण्याची शक्यता जास्त. छत्रीपासून स्लॅब २ मीटर वर आहे असं धरा. टाटा प्लेसाठी छत्री स्लॅबच्या कडेपासून फार तर ९० सेंटिमीटर आत असू शकते, म्हणजे ती कठड्याला चिकटूनच लागणार. एअरटेलसाठी ती २ मीटर आत असली तरी समोरून आकाश दिसतं. ही अंतरं गॅलरीच्या काटकोनात नव्हे, छत्री ज्या दिशेला तोंड करते त्या दिशेने मोजायची. सोसायटी कठड्याबाहेर काही लावू देत नसेल आणि गॅलरी आग्नेयेला किंवा पूर्वेला असेल, तर खालच्या उंचीचा उपग्रह तुमच्या कामाचा.

छत्रीच्या रूपावरून अंदाज बांधू नका. घरगुती छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे ती जिकडे तोंड करून उभी दिसते त्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर बघत असते. समोरचं झाड आड येतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात येत नाही. उलटही घडतं: समोर सगळं मोकळं दिसतं आणि वरचा पत्रा आड येत असतो.

ज्यांना आकडेमोड नको, त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा सूर्य स्वतः दाखवून देतो. मार्चच्या १२ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य या उपग्रहांच्या अगदी रांगेत येतो. मार्चमध्ये दुपारी बाराला सूर्य टाटा प्लेच्या उपग्रहाच्या जागी असतो, अकरा चाळीसला डीटूएचच्या, सव्वाअकराला फ्री डिशच्या, दहा वाजून पाच मिनिटांनी एअरटेलच्या. ऑक्टोबरमध्ये याच वेळा सुमारे वीस मिनिटं लवकर धरा. त्या क्षणी गॅलरीत जिथे ऊन पडतं तिथे छत्रीला सिग्नल मिळणार. जिथे सावली, तिथे नाही. त्याच दिवसांत सूर्याच्या लहरींमुळे रोज काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नसतो, त्यासाठी तक्रार नोंदवू नका. केबलच्या केंद्रातल्या छत्र्यांनाही हाच त्रास होतो, फक्त वेळा वेगळ्या असतात.

पायरी २: सोसायटीला विचारा

सेक्रेटरींना तीन प्रश्न विचारायचे: छत्री गच्चीवर लावू देता का, वायर डक्टमधून खाली आणता येईल का, आणि इमारतीत आधीच सामाईक डिश किंवा ठरलेली केबल आहे का. काही नव्या संकुलांत बाहेरच्या भिंतीवर काहीही लावायला मनाई असते आणि सगळ्यांसाठी गच्चीवर एकच व्यवस्था केलेली असते. तसं असेल तर तुमची निवड तिथेच निम्मी झाली. परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा निरोपही चालेल, पण कुठेतरी नोंद हवी. भाडेकरू असाल तर घरमालकांचीही संमती घ्या.

गच्चीवर लावताना एक गोष्ट ठामपणे सांगा: जमिनीत ड्रिल मारायचं नाही. गच्चीच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो. त्यात चार भोकं पडली की पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते आणि वाद तुमच्या दारात येतो. छत्रीचा पाय पॅरापेट भिंतीच्या आतल्या उभ्या बाजूला बसवा. ते जमत नसेल तर जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा. नुसत्या प्लॅस्टरला किंवा हलणाऱ्या रेलिंगला लावलेली छत्री एप्रिल-मे मधल्या वळवाच्या वाऱ्यात एखाद-दुसरा अंश हलते, आणि तेवढं हलणं सिग्नल जायला पुरतं.

पायरी ३: गल्ली तपासा

केबलबद्दल कंपनीच्या जाहिरातीतून काहीच कळत नाही. मोठ्या कंपनीचा सिग्नल तुमच्यापर्यंत आणतो तो स्थानिक ऑपरेटर, आणि त्याच्या तारा, त्याची माणसं, त्याचा फोन उचलण्याचा स्वभाव, यावर सगळं ठरतं. जिन्यात भेटणाऱ्या दोन-तीन शेजाऱ्यांना विचारा: गेल्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं, किती तासांत सुरू झालं, पावती मिळते का. पहिल्या मजल्यावरच्या आणि शेवटच्या मजल्यावरच्या, दोघांनाही विचारा. इमारतीत सिग्नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना क्षीण होतो, त्यामुळे एकाच इमारतीत दोघांचा अनुभव वेगळा असतो.

विजेचा मुद्दा पुण्यात खास विचारात घ्यायला हवा. महावितरणची देखभालीची कामं शहरात बहुतेकदा गुरुवारी असतात. घरी इन्व्हर्टर असेल तर डिश चालूच राहते, कारण छत्रीपासून टीव्हीपर्यंतचं सगळं तुमच्या विजेवर चालतं. केबलचं तसं नाही. तुमच्या घरात दिवा लागलेला असतो, पण गल्लीतल्या खांबावरचा ॲम्प्लिफायर बंद असतो. त्या ॲम्प्लिफायरला बॅटरी आहे का आणि ती किती वेळ टिकते, हे ऑपरेटरला सरळ विचारा.

पेठांमध्ये तारा वाड्यावरून वाड्यावर आणि झाडांतून गेलेल्या असतात. फांदी पडली, रस्ता खोदला किंवा गणपतीच्या मिरवणुकीसाठी आड येणाऱ्या तारा वर उचलल्या, की सेवेवर परिणाम होतो. पण याच दाट वस्तीत ऑपरेटरचा मुलगा दहा मिनिटांत शिडी घेऊन येतो, हेही तितकंच खरं. एखाद्या दूरच्या सोसायटीत डिश कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशीची वेळ देतो, तेव्हा या जवळिकीची किंमत कळते.

पावसाबद्दल, कारण सगळे तेच विचारतात

पाऊस आला की डिश जाते, हे अर्धसत्य आहे. पुण्याची नेहमीची भुरभुर दिवसभर चालली तरी नीट लावलेल्या छत्रीला काही होत नाही. चित्र जातं ते जाड थेंबांच्या मुसळधार सरींत, म्हणजे मुख्यतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात, आणि तेही सर ओसरेपर्यंत. केयू बँडच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मोठे थेंब ती ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. सी बँडची लांबी सुमारे तिप्पट, म्हणून केबल केंद्राच्या छत्र्यांना पावसाचा त्रास कमी. तुमच्या घरावर पाऊस नसतानाही चित्र अडकलं तर आग्नेयेला बघा, ढग तिकडे असतो.

४५ अंशावरच्या उपग्रहाची लहर ६६ अंशावरच्या उपग्रहाच्या तुलनेत पावसाच्या थरातून सुमारे तीस टक्के जास्त अंतर कापते. दोन्ही पर्याय तुमच्या घराला सारखेच सोयीचे असतील, तर ही गोष्ट उंच उपग्रहाच्या बाजूने मोजा.

बाकी, दर सरीला चित्र जात असेल तर दोष पावसाचा नसून छत्रीचा आहे. ती सुरुवातीलाच थोडी चुकीची लागलेली असते. कोरड्या हवेत सिग्नल कसाबसा पुरतो आणि पावसात तो उंबरठ्याखाली जातो. यावर उपाय म्हणजे छत्री पुन्हा नीट लावून घेणं. कंपनी बदलून हा दोष जात नाही.

पायरी ४: चॅनेलची यादी आणि पैसे

घरातल्या प्रत्येकाला विचारून खरोखर बघितले जाणारे चॅनेल कागदावर लिहा. मराठी घरात ही यादी साधारण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, एखादा मराठी चित्रपटांचा, दोन बातम्यांचे आणि क्रिकेटचा अशी निघते, वीसच्या पुढे क्वचित जाते. मुलांचं कार्टून विसरू नका. ही यादी हातात असल्याशिवाय कुणाशीही दराबद्दल बोलू नका.

फेब्रुवारी २०१९ पासून बिलाचे तीन भाग असतात: नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफ (चॅनेल तुमच्या घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क), निवडलेल्या सशुल्क चॅनेलची किंमत, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. चॅनेलची कमाल किंमत वाहिनी कंपनी ठरवते आणि त्यापेक्षा जास्त ना डिशवाला घेऊ शकतो ना केबलवाला. म्हणजे चॅनेलच्या मूळ किमतीत दोघांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो एनसीएफमध्ये आणि कंपनीने स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यांवरच्या सवलतीत. एनसीएफवर पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ती उठवली आणि कंपन्यांना आपापले दर ठरवायची मोकळीक दिली. बसवणी आणि घरभेटीच्या शुल्कावरच्या मर्यादाही त्याच वेळी गेल्या. म्हणून आता जुन्या माहितीवर विसंबू नका, प्रत्येक शुल्क विचारून घ्या.

हिशोब असा करा. समजा एनसीएफ १३० आणि चॅनेलचे ११० रुपये. बेरीज २४०, त्यावर १८ टक्के म्हणजे ४३ रुपये २० पैसे, एकूण २८३ रुपये २० पैसे. फोनवर सांगितलेला आकडा जीएसटीसह आहे की जीएसटीशिवाय, हा पहिला प्रश्न. दुसऱ्या टीव्हीला एनसीएफ किती, हा दुसरा. तिसरा: सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत आहे का, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का. पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे भरू नका. एक पावसाळी महिना बघा आणि मग भरा.

तुमच्यावर ठरावीक पॅकेज लादता येत नाही. सुटे चॅनेल निवडण्याचा हक्क डिशला आणि केबलला सारखाच लागू आहे. कधी कधी मात्र गठ्ठा सुट्या चॅनेलपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून दोन्ही बेरजा करून बघा.

मासिक खर्च नकोच असेल तर डीडी फ्री डिश आहे. छत्री, एलएनबी आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, रिचार्ज नाही. डीडी सह्याद्री कायम मिळतं. खासगी चॅनेलच्या जागा प्रसारभारतीच्या लिलावानुसार बदलतात, त्यामुळे आज दिसणारा चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या मराठी मालिकांच्या मुख्य वाहिन्यांसाठी फ्री डिशवर विसंबू नये. सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. तिथून वायर घ्यायची तर आरजी-६ मागा, मधला तांब्याचा गाभा आणि वरची जाळी सोलून बघा, आणि पिळून बसणाऱ्याऐवजी दाबून बसवायचे एफ कनेक्टर घ्या.

पायरी ५: बसवणीच्या दिवशी समोर उभे राहा

डिशची वायर छत्रीपासून बॉक्सपर्यंत शक्यतो एकसंध हवी आणि ३० मीटरच्या आत. मध्ये जोड नको. फुकट किती मीटर आणि पुढे मीटरमागे किती रुपये, हे आधीच विचारा. भिंतीतून भोक पाडायचं तर बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, नाहीतर पाणी वायरवरून आत येतं. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे पाणी तिथे ठिबकून जातं. एलएनबीच्या जोडावर रबरी सीलिंग टेप हवाच. या जोडात ओल गेली की तांबं हिरवट-काळं पडतं आणि वर्षभरात तक्रारी सुरू होतात.

नव्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत आधीच टीव्हीचा पॉइंट असतो, पण तो बहुधा केबलच्या हिशोबाने केलेला असतो. डक्टमध्ये एक वायर येते आणि साध्या स्प्लिटरने फाटे फुटतात. डिशला हे चालत नाही. बॉक्स त्याच वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो, आणि साधा स्प्लिटर ती अडवतो. दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायर लागतात. फर्निचर करण्याआधी हे इलेक्ट्रिशियनला सांगा, म्हणजे पायपात दोन्ही वायर एकदमच ओढून घेता येतील.

केबलच्या बाबतीत स्प्लिटर चालतो, पण फुकटात नाही. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन ते चार डेसिबल सिग्नल कमी होतो, चार फाट्यांच्यात सात ते आठ. एकच टीव्ही असेल तर मधला स्प्लिटर काढायला लावा. मोकळा राहणारा फाटा ७५ ओहमच्या टोपीने बंद करायला सांगा, नाहीतर तिथून परावर्तन होऊन काही चॅनेलचं चित्र फुटतं.

बॉक्स ते टीव्ही एचडीएमआय वायर वापरा. एचडीचे पैसे भरून लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरने जोडलेले टीव्ही अनेक घरांत दिसतात. त्या वायरमधून एचडी येतच नाही.

माणूस निघण्याआधी बॉक्सच्या मेन्यूतलं सिग्नलचं पान उघडून घ्या. त्यात स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन आकडे असतात. महत्त्व क्वालिटीला. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते, म्हणून आदर्श आकडा शोधत बसू नका. निरभ्र दिवशी मिळालेल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे कधीही बिघाड झाला की त्याच्याशी तुलना करता येते, आणि तक्रार करताना 'चित्र नीट येत नाही' यापेक्षा 'क्वालिटी ८५ वरून ४० वर आली' हे बोलणं जास्त लवकर ऐकलं जातं.

अर्जाची प्रत आणि पावती घ्या. बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा, हे त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. भाड्याचा असेल तर तो परत केल्यावर अनामत मिळते. विकतचा असेल तर वॉरंटीची मुदत तपासा.

बिघडलं तर

डिशवर निरभ्र हवेत 'नो सिग्नल' आलं तर आधी बॉक्समागचा कनेक्टर हाताने घट्ट करा. मग छत्री बघा: इमारतीचं रंगकाम झालं का, गच्चीवर टाकी धुणाऱ्यांनी ढकलली का, एलएनबीच्या दांड्यावर कबुतरं बसतात का. फक्त निम्मे चॅनेल जात असतील तर कारण बहुतेक वेळा वायरमध्ये असतं. निम्मे चॅनेल १८ व्होल्टवर येतात आणि लांब किंवा गंजलेल्या वायरमध्ये एलएनबीपर्यंत तेवढा दाब पोचत नाही. रोज भर दुपारी जाऊन संध्याकाळी परत येत असेल, तर तापल्यावर दगा देणारा एलएनबी बदलायची वेळ झाली.

रिचार्ज करूनही चॅनेल उघडत नसेल तर बॉक्स सुरू ठेवून त्याच चॅनेलवर थांबा आणि ॲपवरून रिफ्रेश पाठवा. परवानगीचा संदेश बॉक्सला सिग्नलमधूनच येतो. बॉक्स बंद असेल तर तो पोचणार कसा? महिनाभर गावाला जाऊन आल्यावर हे नेहमी घडतं.

केबलवर चौकोन-चौकोन होऊन चित्र अडकत असेल तर ते सगळ्या चॅनेलवर होतं की ठरावीक चॅनेलवर, हे लिहून काढा. ठरावीकवर असेल तर दोष बहुधा जोडात किंवा स्प्लिटरमध्ये. सगळ्यांवर असेल तर शेजाऱ्यांकडे बघा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर घरात माणूस बोलावून उपयोग नाही, दोष गल्लीतल्या लाइनवर आहे. मीटर घेऊन आलेल्या माणसाला तुमच्या पॉइंटवरचा आकडा दाखवायला सांगा.

विजांचा कडकडाट सुरू झाला की दोन्हीकडे एकच करा: बॉक्सचा प्लग आणि मागची कोॲक्स वायर, दोन्ही काढा. नुसतं बटण बंद केल्याने वायरमधून येणारा दणका अडत नाही.

तक्रार नेहमी कंपनीच्या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या, ऑपरेटरला तोंडी सांगितलं असलं तरीही. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा, आणि तरीही नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. बॉक्सवरच्या स्टिकरवरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला घ्या. शोधात वर येणारे नंबर अनेकदा ओटीपी काढून घेणाऱ्यांचे असतात.

कुणासाठी काय

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी, एकाच टीव्हीसाठी, चांगला ऑपरेटर असेल तर केबल घ्यावी. भिंतीला भोक नाही आणि अडकलेले पैसे कमी. दर एक-दोन वर्षांनी शहरातल्या शहरात घर बदलणार असाल तर उलट विचार करा. कोथरूडचा केबल बॉक्स हडपसरला चालेलच असं नाही, कारण तिथे दुसरीच कंपनी असू शकते. डिशचा बॉक्स देशात कुठेही चालतो, फक्त छत्री नव्याने लावायचे पैसे पडतात.

आई-वडील एकटे राहत असतील आणि मुलं परगावी किंवा परदेशी असतील, तर रिचार्ज लांबून करता येणं ही डिशची मोठी सोय. पण बिघाड झाल्यावर फोनवर भाषा निवडा, एक दाबा, दोन दाबा, हे सत्तरीतल्या माणसाला जड जातं. ओळखीचा केबलवाला दारात येऊन रिमोट नीट करून देतो. अशा घरात आम्ही केबलच्या बाजूने झुकतो, मात्र शेजाऱ्यांनी ऑपरेटरबद्दल चांगलं सांगितलं असेल तरच. शहरातल्या घडामोडींचे स्थानिक चॅनेलही केबलवरच असतात. एकाच रिमोटने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालू होतात का, हे बसवणीच्या दिवशीच जमवून घ्या आणि नेहमीच्या पाच चॅनेलचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटजवळ चिकटवा.

घरी फायबर इंटरनेट असेल आणि मालिका फोनवरच बघितल्या जात असतील, तर दोन्हीपैकी काहीही घेण्याआधी एक महिना त्याशिवाय काढून बघा. अनेक ऑपरेटर इंटरनेट आणि केबल एकत्र देतात. तो दर वेगळा विचारा.

घर सोडताना डिशचा बॉक्स, अडॅप्टर आणि रिमोट बरोबर घ्या. छत्री आणि पाय जुने, गंजलेले असतील तर नव्या ठिकाणी नवे घेणंच बरं. एलएनबी चांगला असेल तर काढून घ्या. पॅरापेटमधले बोल्ट काढल्यावर भोकं सिमेंटने बुजवा आणि सेक्रेटरींना दाखवून मग किल्ली द्या. केबलचा भाड्याचा बॉक्स परत करताना त्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या, नाहीतर तुम्ही गेल्यावरही त्याचं बिल तुमच्याच नावावर चढत राहतं.